भुऱ्या आणि वरून येणारा हात

मी जनावरांची डॉक्टर. वर्धा जिल्ह्यात आर्वी तालुक्यातल्या त्या घरी मी गेले होते गाईसाठी. कास सुजली होती, दुधात गुठळ्या येत होत्या. कोठ्यातलं काम आटोपून हात धुवायला आले, तर पाणी घालणाऱ्या सुनेच्या मनगटावर हळद थापलेली दिसली. विचारलं तर म्हणाली, "काई नाई मॅडम, बोका चावला." तीन महिन्यांतली ही तिसरी वेळ. हळद धुऊन काढली तेव्हा खाली चार बारीक टोचे आणि भोवती लाल सूज. मांजराचे सुळे सुईसारखे असतात. वरून छिद्र एवढंसं दिसतं, पण जंतू खोलवर जातात, म्हणून मांजराचा चावा बऱ्याचदा पिकतो. आधी सुनेला नळाखाली बसवून पंधरा मिनिटं साबणानं जखम धुवायला लावली. हळद, चुना, तिखट यांतलं काही त्यावर घालायचं नाही हे सांगितलं, आणि त्याच दुपारी आरोग्य केंद्रात जाऊन रेबीजची लस सुरू करायला सांगितलं.

त्यांचे यजमान ओसरीवर बसून ऐकत होते. म्हणाले, "उद्या याले चुंगडीत घालून नदीपल्याड सोडून येतो. मांगच्या खेपेला नाल्यापाशी सोडलं तर वापस आला."

चुंगडी म्हणजे पोतं. त्यांच्या त्या एका बोलण्यात अख्खं प्रकरण होतं. पण त्या क्षणी मला फक्त बोका वाचवायचा होता, आणि त्यासाठी हातात एक खरं, वैद्यकीय कारण होतं. चावलेलं मांजर किंवा कुत्रं दहा दिवस डोळ्यांसमोर ठेवायचं असतं. त्या दहा दिवसांत ते धडधाकट राहिलं, तर चावताना त्याच्या लाळेत रेबीजचा विषाणू नव्हता असं धरता येतं. "भाऊ, नदीपल्याड सोडलात तर दहा दिवस बघणार कुणाला?" असं मी विचारलं. ते गप्प झाले. आजींनीच निकाल दिला, "राहू दे रे दहा दिवस. मंग पाहू."

भुऱ्या म्हणजे राखाडी पट्ट्यांचा, वर्षभराचा, भरल्या अंगाचा बोका. जन्म याच घरातला, गेल्या होळीनंतर कोठ्यातल्या कुटाराच्या, म्हणजे भुसकटाच्या, ढिगात. हे मी मुद्दाम नीट विचारून घेतलं, कारण माझ्या दृष्टीनं पहिला प्रश्न हाच होता: या मांजराला माणसाचा हात कधी कळलाच नव्हता, की कळून नंतर नकोसा झाला? या दोन फार वेगळ्या गोष्टी आहेत. मांजराच्या पिल्लाचं माणसाशी नातं जुळण्याचा काळ फार लहान असतो, साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्याचा. अमेरिकेत १९८० च्या दशकात आयलीन कार्श यांनी पिल्लांवर केलेल्या कामातून हे पुढे आलं: या आठवड्यांत रोज थोडा वेळ हाताळलेली पिल्लं पुढे माणसाजवळ आपणहून येतात, आणि सात आठवड्यांनंतर हाताळायला सुरुवात केलेली पिल्लं तेवढी येत नाहीत. शेतातल्या मांजराची पिल्लं दोन-तीन महिन्यांनी कुटारातून बाहेर दिसतात, तेव्हा हा काळ सरून गेलेला असतो. त्यांचं बिचकणं वाईट अनुभवामुळे असतंच असं नाही. बऱ्याचदा त्यांना अनुभवच नसतो.

भुऱ्याचं तसं नव्हतं. घरातली पाचवीतली नात त्याला डोळे उघडल्यापासून ओच्यात घेऊन फिरत होती. दिवाळीपर्यंत तो तिच्या पांघरुणात झोपायचा, पाठीवर उलटा पडून पोट दाखवायचा, आजींच्या हरिपाठाच्या वेळी मांडीवर बसायचा. म्हणजे पाया पक्का होता. जे बिघडलं ते नंतर बिघडलं, आणि कधी बिघडलं हेही घरच्यांना ठाऊक होतं. फक्त त्या घटनेला ते कारण म्हणत नव्हते.

कार्तिकात कापूस घरात आला. भाव वाढेल म्हणून पुढच्या खोलीत गंजी लावून ठेवला, जसा विदर्भात पुष्कळ घरांत असतो. भुऱ्या तेव्हा आठ महिन्यांचा, वयात आलेला. शेपटी ताठ उभी करून तो कापसाच्या गंजीवर मूत्राच्या पिचकाऱ्या मारू लागला. वयात आलेला बोका आपली हद्द अशीच आखतो, त्यात खोडसाळपणा नसतो. पण बोक्याच्या मुताचा वास कापसातून जात नाही, आणि वास लागलेला कापूस व्यापाऱ्यासमोर न्यायचा कसा? ज्या घराचं वर्षाचं गणित त्या गंजीवर आहे, त्या घरातल्या माणसाचा संताप मी समजू शकते. एका सकाळी यजमानांनी त्याला मानेच्या कातड्याला धरून उचललं, खताच्या रिकाम्या चुंगडीत कोंबलं, सुतळीनं तोंड बांधलं, मोटरसायकलला अडकवलं आणि पाचेक किलोमीटरवरच्या नाल्यापाशी सोडलं.

नवव्या दिवशी तो परत आला. पोट पाठीला लागलेलं, मागच्या मांडीवर दुसऱ्या बोक्यानं फाडलेली जखम. पंधरवड्यात ती पिकली. मग घरच्यांनाच दया आली, आणि एका दवाखान्यात नेलं. नेलं ते त्याच चुंगडीत. तिथं दोघांनी पाय ताणून धरले, तिसऱ्यानं मान दाबली, पू काढला, सुई दिली. जखम छान भरली. उपचार म्हणून पाहिलं तर काम चोख झालं होतं.

"आमी त्याले मारलं नाई कधी," सून पुन्हा पुन्हा सांगत होत्या. "मी त्याले दूध देतो, मीच त्याचं सारं पायतो, अन् मलेच चावते. डूख धरला हाय त्यानं."

मारलं नव्हतं हे खरंच. मार हाच काय तो वाईट अनुभव, अशी आपली समजूत असते, आणि या प्रकरणात सगळ्यांत आधी तीच सोडावी लागली. मांजर हा शिकारी प्राणी असला तरी त्याच्याहून मोठ्या जनावरांची शिकारही तोच असतो. त्याच्या जिवाची सगळी मदार पळता येण्यावर आहे. पकडलं जाणं, पाय जमिनीवरून सुटणं, बाहेर पडायला वाट न उरणं, एवढं झालं की त्याच्या लेखी सगळ्यांत वाईट ते घडून गेलं. त्यात दुखलं की नाही, हा पुढचा प्रश्न. मानेच्या कातड्याबद्दल तर आपल्याकडे ठाम गैरसमज आहे. आई पिल्लाला तिथं धरून उचलते, पिल्लू लोंबकळतं, म्हणून मोठं मांजरही तसंच शांत होतं असं धरलं जातं. पिल्लू असतं मूठभर वजनाचं, आणि आईही पहिले काही आठवडेच तसं उचलते. चार किलोच्या बोक्याला कातड्यावर लटकवलं की तो गारठल्यासारखा होतो. त्याला आपण शांत म्हणतो. मोठ्या मांजराची मान दुसरं मांजर धरतं ते भांडणात आणि समागमात. मांजरांच्या वैद्यकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी २०२२ साली दिलेल्या मार्गदर्शनातही मान धरून आवळू नये असंच म्हटलं आहे. मी कॉलेजात शिकले तेव्हा मात्र आम्हाला मान धरायलाच शिकवलं होतं, आणि कित्येक वर्षं मीही तेच केलं.

ती जुनी सवय याच घरात मला भोवली. दुसऱ्या दिवशी गाय बघायला गेले तेव्हा भुऱ्या आपणहून आला, माझ्या साडीला अंग घासून गेला. मी खाली वाकून त्याच्या पाठीवर हात ठेवायला गेले. पाठीवरचं कातडं एकदा थरथरलं आणि पुढच्याच क्षणाला माझ्या हातावर तीन ओरखडे होते. जवळ येणं म्हणजे हात लावायची परवानगी, असा अर्थ मी लावला होता. त्यानं फक्त माझा वास घेतला होता. पुढचे बारा दिवस मी आवारात पाऊल टाकलं की तो माळ्यावर.

म्हणून मग मी हात लावणं सोडलं, सगळ्यांनाच सोडायला लावलं, आणि नातीच्या हातात एक वही दिली. भुऱ्या कुठं बसला, कोण आलं, काय आवाज झाला, तो काय करू लागला, एवढंच लिहायचं. पोरीनं दहा दिवस मन लावून लिहिलं. त्या वहीनं मला जे सांगितलं ते माझ्या तपासणीतून कधीच कळलं नसतं.

मला वाटलं होतं, ज्यांनी चुंगडीत घातलं त्या यजमानांना तो घाबरत असेल. वहीत उलटंच निघालं. ते जेवायला बसले की भुऱ्या त्यांच्या ताटापासून दोन हातांवर निवांत बसतो, डोळे मिटतो. पण कुणीही, अगदी नातसुद्धा, उभ्यानं वाकून दोन्ही हात पुढे केले की कान आडवे. भीती माणसाची नव्हती. ती वरून खाली येणाऱ्या दोन हातांची होती. आणि सुनेलाच तिन्ही वेळा का चावला, याचंही उत्तर तिथंच होतं. घरात दिवसातून चारदा त्याला कुठून तरी उचलून बाजूला ठेवणारं माणूस त्या एकट्याच होत्या. अंथरुणावरून, पिठाच्या डब्यावरून, वाळत घातलेल्या डाळीवरून. ज्यांनी कधी त्रास दिला नाही, त्यांचेच हात रोज त्या सकाळीसारखे येत होते.

दुसरी गोष्ट चुंगडीची. तो चुरचुरीत प्लास्टिकचा आवाज झाला की भुऱ्या गायब. शेतकऱ्याच्या घरात हा आवाज दिवसभर असतो: ढेप काढा, सरकी काढा, गहू काढा. मांजराला आपल्यापेक्षा कितीतरी बारीक आणि उंच आवाज ऐकू येतात, त्यामुळे मागच्या खोलीत कुणी चुंगडी झटकली तरी त्याला ती कानाशीच असते. मी सुनेला चाव्यांचे दिवस आठवायला सांगितले. पहिला नीट आठवला नाही. दुसरा, तूर भरली त्या दिवशी. तिसरा, हरभऱ्याचे कट्टे (भरलेली पोती) शिवले त्या संध्याकाळी. म्हणजे ज्या दिवशी तो सकाळपासून आवाजानं धास्तावलेला असे, त्याच दिवशी हातही सहन होत नसे. "मधीच कधीतरी उगाच चावते" असं ज्याला घरचे म्हणत होते, त्यात उगाच काहीच नव्हतं. भीतीवर भीती साचत जाते, आणि शेवटचा धक्का ज्याच्या हातून लागतो त्याला आपण कारण समजतो.

सूचना न देता चावतो, अशीही तक्रार होती. आधी तो सूचना देत होता. कान फिरवायचा, शेपटीचं टोक आपटायचा, पाठीचं कातडं थरथरवायचा, मग गुरगुरायचा. नातीला ते सगळं आठवत होतं. पण गुरगुरला की "माजला का रे!" म्हणून टपली मिळायची आणि उचलणं काही थांबायचं नाही. चावला, आणि हात पहिल्यांदाच मागे गेला. कोणतंही जनावर हे एका फटक्यात शिकतं. जे चालत नाही ते तो सोडून देतो, जे चालतं ते ठेवतो. म्हणून गुरगुरणाऱ्या मांजराला रागावू नये असं मी आता प्रत्येक घरी सांगते. त्यानं गुरगुरणं सोडलं की मागे फक्त दात उरतात.

दुखण्यामुळे चावतो का, हा प्रश्न मी बाजूला ठेवला नव्हता. आधी धीट असलेलं मांजर हाताला चिडू लागलं की दात, सांधे, जुनी जखम यांकडे बघावंच लागतं, कारण मांजर दुखणं लपवतं. हात लावता येत नव्हता, म्हणून नुसतं पाहिलं. कणगीवरून उडी मारताना चारही पाय नीट टेकतो का, मागची मांडी मागे ओढतो का, पाठ चाटताना थांबतो का, उंदीर एका बाजूनं चावतो का. काही आढळलं नाही. पुढे भुलीखाली नीट तपासला तेव्हाही सांधे आणि दात चांगले निघाले.

दहा दिवस संपले, बोका ठणठणीत होता. मी यजमानांकडे तीन महिने मागून घेतले. ते हसले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. "पाहा बापा, तुमी शिकेल सवरेल हा," एवढंच.

उपायांत पहिला आणि सगळ्यांत अवघड होता तो काही न करण्याचा. महिनाभर कुणीही त्याला उचलायचं नाही, वरून हात लावायचा नाही, आलेल्या पाहुण्याला आधीच सांगायचं. अंथरुणावरून उठवायचं कसं? तर स्टीलच्या वाटीवर चमचा दोनदा वाजवायचा आणि वाटी ओसरीवर ठेवायची. वाटीत काय, यावर घरात दोन दिवस चर्चा झाली. मी उकडलेलं अंडं सुचवलं होतं, पण आजी माळकरी, अंडं उंबऱ्याच्या आत येत नाही. मग साय ठरली, नखाएवढीच, कारण पुष्कळशा मोठ्या मांजरांना दूध नीट पचत नाही आणि हगवण लागते. मांसाची गरज तो कोठ्यातल्या उंदरांवर भागवत होताच. चौथ्या दिवसापासून चमचा वाजला की भुऱ्या पलंगावरून स्वतः उतरू लागला. सून म्हणाल्या, "इतकंच करायचं होतं तर!" त्या महिन्यात एकही चावा नाही.

भीतीच्या गोष्टीला आवडत्या गोष्टीची जोड देऊन भीती उतरवायची, ही युक्ती जुनी आहे. १९२४ साली मेरी कव्हर जोन्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या लहान मुलावर ती वापरून दाखवली: मुलगा खाऊ खात असताना ससा लांब ठेवायचा, आणि तो निवांत असेल तेवढाच दरवेळी थोडा जवळ आणायचा. आम्ही सशाच्या जागी हात ठेवला. लांब दांड्याच्या डावानं साय, मग चमच्यानं, मग बोटाच्या टोकावर. बोट नेहमी जमिनीलगत, त्याच्या नाकाच्या पातळीला, आणि थोडं लांब. मांजराला अगदी जवळचं, वीतभर अंतराच्या आतलं, स्पष्ट दिसत नाही. तोंडावर आलेला हात त्याला धूसर सावलीसारखा भासतो, मिशांनी चाचपून कळतो. पुढे बोटावर साय नसतानाही त्यानं गाल घासला, तेव्हा नातीनं गालावर दोन सेकंद खाजवायचं आणि थांबायचं. तो पुन्हा पुढे झाला तर पुन्हा दोन सेकंद. थांबणं हाच यातला खरा भाग आहे. झुरिचमधले डेनिस टर्नर यांनी मांजर आणि माणूस यांच्या घरगुती भेटीगाठी वर्षानुवर्षं पाहिल्या. त्यांत भेट मांजरानं सुरू केली तर ती जास्त वेळ टिकते, असं दिसलं. हातही कुठे लावायचा ते मी ठरवून दिलं. इंग्लंडमध्ये २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांजराच्या अंगावरचे आठ भाग कुरवाळून पाहिले होते. शेपटीच्या बुंध्याशी हात लावलेला सगळ्यांत नकोसा झाला. म्हणून गाल, कपाळाच्या कडा, हनुवटी एवढंच. मान, पाठ, पोट नाही.

चुंगडीचं काम सावकाश झालं. एक चुंगडी धुऊन, घडी करून कोठ्याच्या टोकाला ठेवली, आणि सायीची वाटी तिच्यापासून वीस हातांवर. रोज एक हात जवळ. आवाज मुद्दाम कधीच करायचा नाही. शिवाय घरात धान्य भरायचं असलं की आधी नात मागच्या खोलीचं दार लोटून ठेवी, म्हणजे माळ्याची वाट त्याला मोकळी राही.

याच दिवसांत पिसवा झाल्या म्हणून यजमान बैलाला लावायचं गोचिडीचं औषध फडक्यानं त्याला पुसणार होते. चांगल्या मनानंच. मी वेळेवर पोचले हे नशीब. त्या औषधांत बऱ्याचदा पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशकं असतात, आणि मांजराचं यकृत ती नीट मोडू शकत नाही. थरथर, झटके येऊन मांजर मरू शकतं. फिनाइल आणि माणसाची तापाची पॅरासिटामॉलची गोळी यांचंही तसंच.

दोन महिन्यांनी लस आणि खच्चीकरण करायचं ठरलं. नेण्यासाठी भाजीचे दोन प्लास्टिकचे क्रेट तोंडाला तोंड लावून एका बाजूला सुतळीनं बांधले, आत आजींचं जुनं लुगडं. हा पेटारा महिनाभर आधीपासून ओसरीवर उघडाच ठेवला होता. भुऱ्या दुपारी त्यातच झोपायचा. नेण्याच्या दिवशी तो आत असताना झाकण लावलं, वरून चादर टाकली. वरचा क्रेट काढून, लुगड्यातच ठेवून सुई दिली. कुणी पाय ताणले नाहीत. भूल उतरल्यावर घरी आला तो थेट माळ्यावर गेला. मला धास्ती होती की सगळं पाण्यात गेलं. तिसऱ्या संध्याकाळी चमचा वाजल्यावर खाली उतरला. पिचकाऱ्या पुढच्या काही आठवड्यांत थांबल्या, आणि घरातलं त्याच्याविरुद्धचं मूळ कारणच गेलं.

पोळ्याला मात्र घात झाला. बैलांच्या सजावटीची धांदल, घर पाहुण्यांनी भरलेलं, आणि बाहेरगावच्या एका भाच्यानं मागून येऊन त्याला काखेत धरून उचललं. भुऱ्यानं त्याचा दंड फाडला. पुन्हा साबण, पुन्हा आरोग्य केंद्र, पुन्हा दहा दिवसांची मोजणी. आणि नऊ दिवस तो बोटाजवळ आला नाही. पुसली गेली असं वाटलेली भीती अशी अचानक वर येते. पाव्हलॉव्हनं कुत्र्यांवरच्या प्रयोगांत लिहून ठेवलं होतं की विझलेली सवय विश्रांतीनंतर आपोआप परत डोकावते. जुनं शिकणं खोडलं जात नाही, त्याच्यावर नवं शिकणं चढतं. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवलं होतं, तरी सून त्या दिवशी रडल्या. आम्ही बोट सोडून चमच्यावर आलो, चमचा सोडून डावावर. पण पहिल्यांदा ज्याला पाच आठवडे लागले होते, तेच दुसऱ्यांदा दोन आठवड्यांत पार पडलं.

आता दुसरा कापूस घरात आला आहे. भुऱ्या गालाला हात लावू देतो, नातीला आणि आजींना बराच वेळ, सुनेला चार-पाच वेळा खाजवेपर्यंत. सुनेला तो पुन्हा चावलेला नाही. चुंगडीचा आवाज झाला की अजूनही उठतो, पण माळ्यावर न जाता क्रेटमध्ये जाऊन बसतो आणि तिथून पाहत राहतो. उचलू तो कुणालाच देत नाही. पुढेही देईल असं मला वाटत नाही, आणि त्यासाठी आम्ही प्रयत्नही करत नाही.

मागच्या आठवड्यात गाईला तपासायला गेले होते. यजमान ओसरीवर कट्टा उसवत होते. मला पाहून सुतळी बाजूला ठेवली आणि विचारलं, "मॅडम, मी बोट ठेवलं तं येईन का हा?" मी म्हटलं, "ठेवून पाहा भाऊ. पण आधी ती चुंगडी आत ठेवून या." ते उठले, चुंगडी आवाज न करता घडी घालून आत ठेवून आले, आणि खाली बसून एक बोट जमिनीला टेकवलं. भुऱ्या क्रेटमधून बघत होता. मी निघाले तेव्हा पावणेपाच वाजले होते आणि ते तसेच बसले होते.